वाचकांचे प्रश्न : बिअर-स्पर्धेतला मदतनीस

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो असून सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतो. घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद असलेल्या मंडळींच्या तिथल्या एका क्लबचा तो सभासद आहे. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच सुमारास क्लबची स्पर्धा आहे आणि मी तिथे एक दिवस मदतनीस म्हणून काम करावे, असा त्याचा आग्रह आहे. मी मद्य घेत नाही, पत्नी माळकरी आहे. ज्या पेयाची चवच माहीत नाही, त्याच्या स्पर्धेत माझ्यासारख्याचा काय उपयोग होणार? आणि तिथे नेमके कोणते काम पडते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण अवश्य जावे. मद्य न घेणे ही या कामात अडचण नाही. अशा स्पर्धेतल्या मदतनीसाला तिथे स्टुअर्ड म्हणतात. त्याला बिअर चाखावी लागत नाही, गुण द्यावे लागत नाहीत आणि त्याचे मत कोणी विचारतही नाही. ठरलेली बाटली ठरलेल्या क्रमाने परीक्षकांच्या टेबलावर आणणे, ती कोणाची आहे हे शेवटपर्यंत कळू न देणे आणि परीक्षकांनी भरलेली गुणपत्रके तपासून पुढे पोचवणे, एवढे त्याचे काम असते. वाचताना हे काम ने-आण करण्याचे वाटेल. मात्र महिना-दीड महिना खपून तयार केलेल्या बिअरला न्याय मिळतो की नाही, हे परीक्षकाच्या जिभेइतकेच मदतनीसाच्या हातावर अवलंबून असते, असे मी आधी मदतनीस आणि पुढे परीक्षक म्हणून केलेल्या कामावरून ठामपणे सांगू शकतो.

या निकालाचे मोल तिथल्या माणसाला एवढे का वाटते, हे आधी सांगायला हवे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत घरी बिअर करण्यास केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ती अमलात आली. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा त्यात आहे, पण ही बिअर विकता येत नाही. म्हणजे ती करणाऱ्याला गिऱ्हाईक नाही आणि बाजारभावही नाही. घरचे लोक आणि मित्र तर कौतुकच करणार. आपल्या हातचे खरोखर कसे झाले आहे, हे अनोळखी जाणकाराच्या तोंडून समजण्याची जागा त्याला स्पर्धेतच मिळते. छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना आपल्या मुलाच्याच राज्यात, बोल्डर या गावी, १९७८ साली स्थापन झाली आणि १९७९ पासून तिची राष्ट्रीय स्पर्धा भरते. परीक्षक घडवणारी आणि गुणांकनाचे नियम ठरवणारी बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम) ही संस्था १९८५ सालची आहे. आपल्या मुलाच्या क्लबची स्पर्धा बहुधा तिच्याच नियमांनी चालत असेल.

काम स्पर्धेच्या दिवसाआधीच सुरू होते. स्पर्धक प्रत्येक बिअरच्या दोन किंवा तीन बाटल्या पाठवतो. बाटलीवर लेबल, नाव, खूण काहीही चालत नाही. झाकणावर एखादा छाप असेल तर तो काळ्या मार्करने बुजवतात. स्पर्धकाचे नाव असलेला कागद बाटलीला रबराने बांधलेला असतो. तो नोंदणीच्या वेळी काढून त्या जागी फक्त क्रमांक लावला जातो. त्यानंतर बाटल्या शैलीनुसार लावून शीतगृहात ठेवतात. बीजेसीपीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत बिअरच्या शैलींचे ३४ गट आहेत आणि प्रत्येक गटात पुन्हा पोटप्रकार आहेत. बाटली चुकीच्या खणात गेली, तर काळी, कडवट स्टाउट हलक्या लागरच्या मापाने मोजली जाते आणि चांगली असूनही मार खाते. मिरज-तासगाव भागात बेदाण्याच्या प्रती लावताना आणि शीतगृहात माल ठेवताना जे लक्ष लागते, ते आपण पाहिलेले असणार. तेच लक्ष इथे हवे. या टप्प्यावर मनुष्यबळ नेहमी कमी पडते, त्यामुळे आपल्याला शक्य असेल तर आदल्या दिवसापासूनच जावे, असे मी सुचवीन. बाटल्या हलवताना एक पथ्य पाळायचे. त्या उन्हात ठेवायच्या नाहीत, अगदी दहा मिनिटेसुद्धा नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या फुलांमधले घटक प्रकाशाने फुटतात आणि एक उग्र, कुबट वास धरतो, जो पुन्हा जात नाही. बाटली गडद तपकिरी असते ती यासाठीच, पण भर उन्हापुढे तिचाही इलाज मर्यादित असतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आपल्याला एक टेबल नेमून दिले जाईल. त्यावर किमान दोन परीक्षक बसतात आणि एका बैठकीत साधारण आठ ते बारा बिअर तपासतात. या गटाला फ्लाइट म्हणतात. टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकचे छोटे पेले, पिण्याचे पाणी, तोंड स्वच्छ करण्यासाठी साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटे, उरलेले ओतण्यासाठी बादली, कागदी रुमाल, ओपनर, पेन्सिली आणि गुणपत्रके हे सगळे परीक्षक बसण्यापूर्वी मांडलेले असावे. आपल्या हातात एक यादी दिली जाते. तिच्यावर बाटल्यांचे क्रमांक, शैली आणि स्पर्धकाने दिलेली विशेष माहिती असते. ही विशेष माहिती फार महत्त्वाची आहे. एखाद्याने गव्हाच्या बिअरमध्ये आंबा किंवा मिरची घातली आहे आणि तसे कळवले आहे, पण ते परीक्षकांपर्यंत पोचलेच नाही, तर त्यांना तो स्वाद दोष वाटतो आणि गुण कापले जातात. बाटली टेबलावर ठेवताना क्रमांक मोठ्याने वाचावा, तो परीक्षकांच्या कागदावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा आणि विशेष माहिती असेल तर ती लिहिल्याप्रमाणे जशीच्या तशी सांगावी. त्यात स्वतःचा एक शब्दही घालू नये.

बाटली उघडण्याची रीत बारकाईने सांगतो, कारण नव्या मदतनीसाचा हात अडखळतो तो इथे. बाटली शीतगृहातून आणताना सरळ उभी धरावी. घरच्या बिअरमध्ये वायू बाटलीतच, यीस्टला थोडी साखर देऊन तयार केलेला असतो आणि तळाशी यीस्टचा पातळ थर बसलेला असतो. बाटली आडवी झाली किंवा हिंदकळली की तो थर उठतो आणि स्वच्छ बिअर गढूळ दिसू लागते. ती दुसऱ्या खोलीत उघडून आणू नये. बंद बाटलीच टेबलावर न्यावी. परीक्षक आधी ती उजेडात धरतात, बिअर मानेपर्यंत किती भरली आहे ते पाहतात, गळ्याशी आतून एखादे कडे धरले आहे का ते तपासतात, कारण तसे कडे जंतुसंसर्गाची खूण असू शकते. मग बाटली बादलीवर धरून, तोंड माणसांपासून वळवून, झाकण सावकाश उचलावे. फुस्स आवाज झाला आणि फेस जागेवर राहिला, तर बाटली परीक्षकांच्या हाती द्यावी. फेस उसळून वर येऊ लागला, तर घाबरून अंगठ्याने दाबू नये. अंगठ्याखालून फवारा उडतो आणि तळाचा गाळही ढवळला जातो. बाटली बादलीवरच धरून ठेवावी, उसळी बसू द्यावी, आणि जे उरेल ते ओतावे. अशी बाटली आल्यास परीक्षक त्याची नोंद करतात आणि बहुधा दुसरी बाटली मागवतात. त्या वेळी कपाळाला आठी घालणे, हसणे किंवा हळहळणे यांतले काहीही मदतनीसाने करू नये. परीक्षक माणूस असतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याने नापसंती वाचली की पहिला घोट घेण्याआधीच त्याचे मन थोडे झुकते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्या गावच्या माणसाला पडद्यामागचा माणूस दिसू नये, हे वेगळे सांगायला नको. मदतनीसाचा मोठेपणा त्यातच आहे. परीक्षक बोलत असताना मध्ये पडायचे नाही. दुसऱ्या टेबलावर काय चालले आहे ते या टेबलावर सांगायचे नाही. मुलाची बिअर स्पर्धेत असेल, तर ती ज्या गटात आहे तो गट आपल्याला देऊ नये, असे मुख्य मदतनीसाला आधीच सांगून ठेवावे. क्रमांकावरून ती ओळखता येणार नाही हे खरे आहे. तरीही बापाने मुलाच्या टेबलावर उभे राहू नये, असे मला मनापासून वाटते.

आता गुणपत्रकाकडे वळू, कारण आपल्या प्रयोगशाळेतल्या सवयीचा खरा उपयोग इथे होईल. प्रत्येक बिअरला ५० पैकी गुण दिले जातात : वासाला १२, रंगरूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १०. ४५ ते ५० असाधारण, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० बरी आणि त्याखाली सदोष, अशी त्याची प्रतवारी असते. परीक्षक दहा-पंधरा मिनिटांत पानभर अभिप्राय लिहितो आणि शेवटी घाईत बेरीज करतो. ती चुकते, आणि नेहमी चुकते. आठव्या-नवव्या बिअरनंतर तर हमखास चुकते. मदतनीसाने प्रत्येक पत्रक हातात आल्याबरोबर पाच आकड्यांची बेरीज करून पाहावी, क्रमांक तपासावा, एखादी चौकट रिकामी राहिली असल्यास नम्रपणे दाखवावी. दोन परीक्षकांच्या गुणांत सातपेक्षा जास्त अंतर राहू नये असा संकेत आहे, तेव्हा तेवढे अंतर दिसल्यास ते त्यांच्या लक्षात आणून द्यावे आणि तिथेच थांबावे. कोणी किती वाढवायचे किंवा कमी करायचे, हे ते दोघे बोलून ठरवतील. हे सगळे होण्यापूर्वी पुढची बाटली टेबलावर आणू नये. दोन पत्रकांची अदलाबदल झाली, तर एका घरी चुकीची शाबासकी जाते आणि दुसऱ्या घरी चुकीचा दोष जातो. तो माणूस पुढचे वर्षभर आपल्या कृतीत नसलेली चूक शोधत राहतो.

गट संपल्यावर बाटल्या लगेच फेकून देऊ नयेत. ज्यांना जास्त गुण मिळाले, त्या बिअर परीक्षक पुन्हा एकमेकींशेजारी ठेवून चाखतात. त्यांच्या उघडलेल्या बाटल्या झाकून बर्फात ठेवाव्यात. प्रत्येक गटात पहिली आलेली बिअर शेवटच्या फेरीत, म्हणजे बेस्ट ऑफ शोमध्ये, जाते. तिची न उघडलेली बाटली शीतगृहात शाबूत आहे ना, हे पाहणेही आपलेच काम आहे. एवढे सोडून बाकीचा वेळ पाण्याचे तांबे भरणे, बादली रिकामी करणे, पेले बदलणे यात जातो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

आपल्याकडच्या माणसाला खास सांगावीशी एक गोष्ट मात्र आहे. पन्नासातले बारा गुण निव्वळ वासाचे असल्याने मदतनीसाच्या अंगाला कसलाही वास नसावा. अत्तर, सुवासिक पावडर, जाई-चमेलीचे केसांचे तेल, वासाचा साबण, सकाळच्या पूजेनंतर कपड्यांत राहिलेला उदबत्तीचा वास, तंबाखू, लसणाची फोडणी यांतले काहीही त्या दिवशी टाळावे. आपल्याला सवयीने जो वास जाणवतही नाही, तो बंद खोलीत हातभर अंतरावर बसलेल्या परीक्षकाला थेट पेल्यात आल्यासारखा वाटतो. पत्नी सोबत येणार असतील, तर गजरा घरी ठेवावा. त्यांना बाटल्यांना हात लावायचा नसेल, तर ती भावना क्लबला सांगण्यात संकोच नसावा. आगतस्वागताचे टेबल, परीक्षकांच्या नोंदी, दुपारच्या जेवणाची व्यवस्था अशी कामे तिथे पुष्कळ असतात आणि माणसे कमी असतात. माळ घातलेल्या व्यक्तीने न जाणे पसंत केले, तर तेही तितकेच योग्य आहे.

आपल्या ज्ञानाविषयी एक विनंती आहे. ऊसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे (मुख्यतः साखरेचे) प्रमाण, पाहण्यात आपली हयात गेली. बिअर करणाराही सातूच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) काढ्याची घनता किण्वनापूर्वी (आंबवण्यापूर्वी) आणि किण्वनानंतर हायड्रोमीटरने मोजतो आणि त्या फरकावरून अल्कोहोलचे प्रमाण काढतो. मळी, यीस्ट, तापमान यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्या क्लबमधल्या अनेकांना ठाऊक नसेल. हे सर्व स्पर्धा संपल्यावर, संध्याकाळच्या गप्पांत, मोकळेपणाने सांगावे. ती मंडळी वही घेऊन बसतील, अशी माझी खात्री आहे. टेबलाशी उभे असताना मात्र त्यातले अक्षरही बोलू नये. शेवटी, आपण पर्यटक व्हिसावर जाणार असल्याने कामाबद्दल मोबदला घेऊ नये आणि व्हिसाच्या अटी मुलाकडून आधी तपासून घ्याव्यात.

प्रश्न : आम्ही काही मित्र कराडमध्ये घरी केलेल्या बिअरची लहानशी स्पर्धा भरवू इच्छितो. विक्री नाही, फक्त हौस. परीक्षक आणि मदतनीस कसे निवडावेत? (एक वाचक, कराड)

उत्तर : अशी स्पर्धा भरवू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. विकले नाही, घरापुरतेच केले, हौसेने केले, यांपैकी कोणत्याही सबबीने तो सुटत नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर तयार करणारे छोटे कारखाने, सुरू झाल्या, त्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन चालतात. त्यांचे उदाहरण घरच्या पातेल्याला लागू होत नाही. अमेरिकेतली मोकळीकही छांदिष्टांनी कायदा बदलून घेतल्यावर मिळाली आणि मिसिसिपी, अलाबामा या राज्यांत तर ती २०१३ साली आली. आपल्याला या विषयाची खरी ओढ असेल, तर परवानाधारक ठिकाणी जाऊन तिथल्या तंत्रज्ञांकडून शिकावे. आणि नावे झाकून, क्रमांक लावून, गुणपत्रक भरून परीक्षण करण्याची शिस्त अंगी बाणवायची असेल, तर ती आपल्या भागातल्या गुळावर किंवा साताऱ्याच्या कंदी पेढ्यावर बसवून पाहावी. कोणत्या दुकानाचा पेढा आहे हे कळल्यावर आणि न कळता दिलेल्या गुणांत किती फरक पडतो, ते पाहिले की मदतनीसाने बाटलीची ओळख का जपायची, हे आपोआप उमजेल.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर असून वय २१ आहे. पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला जात आहे. मला पुढे बिअर-परीक्षक होण्याची इच्छा आहे. मदतनीस म्हणून सुरुवात करावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जरूर करावी, यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. वयाची अडचण येणार नाही. इंग्लंडमध्ये मद्यखरेदीचे वय १८ आहे आणि घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना तिथे १९६३ सालीच रद्द झाला, त्यामुळे हौशी मंडळींचा राबता जुना आहे. बीजेसीपीची मान्यता असलेल्या स्पर्धेत मदतनीसाला दिवसाला अर्धा अनुभव-गुण मिळतो. तो फार नाही, पण नोंद होते. परीक्षक होण्यासाठी आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग प्रत्यक्ष चाखण्याची परीक्षा असते. या दुसऱ्या परीक्षेत ९० मिनिटांत ६ बिअर तपासून पूर्ण गुणपत्रके लिहायची असतात.

आपले शिक्षण इथे कामाला येईल. लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल, हिरव्या सफरचंदाचा आला तर अॅसिटाल्डिहाइड, शिजवलेल्या मक्याचा आला तर डायमिथाइल सल्फाइड, हे आपण पुस्तकात शिकला असाल. एकाच दुपारी हे सगळे प्रत्यक्ष पेल्यात भेटण्याची संधी मदतनीसाला मिळते. परीक्षकांची परवानगी असेल आणि बाटलीत उरले असेल, तर फ्लाइट संपल्यावर घोटभर चाखावे. पण त्यांची पत्रके वाचण्याआधी आपल्याला जे जाणवले ते स्वतःच्या वहीत गुणपत्रकातल्या पाच मथळ्यांखाली (वास, रंगरूप, चव, भरीवपणा, एकूण परिणाम) लिहून काढावे. आधी पत्रक वाचले, तर जिभेला तेच जाणवते जे डोळ्यांनी वाचले. लिहून झाल्यावर दोन्ही ताडून पाहावे आणि जिथे फरक असेल तिथे त्या परीक्षकाला जेवणाच्या सुटीत विचारावे. बहुतेक परीक्षक आनंदाने समजावून सांगतात. घोट घेणार असल्यास त्या दिवशी परतीसाठी बसचे किंवा रेल्वेचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.